केस लावले आणि सोयरे रडत आले

याला आजार म्हणायचं का, हेच मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. ताप नाही, कळ नाही, कुठं रक्त नाही. केस जातात, एवढंच. लोकांना सांगावं तर हसतात, आणि न सांगावं तर त्यांना आधीच दिसलेलं असतं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. मी केस लावून घेतले त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून गावातली, कारखान्यातली पोरं हळूच बाजूला घेऊन विचारतात, "दुखतं का रं?" दुखतं की नाही ते पुढं सांगतो. पण त्याच्याआधी एक प्रश्न असतो आणि तो कुणी विचारत नाही. घरात कुणाला सांगितलंस का? हे लिहितोय ते त्या प्रश्नासाठी.

डोकं

मी कडेगाव तालुक्यातला. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरीला. उसाच्या नोंदी घेत दिवसभर बांधाबांधानं हिंडायचं, त्यामुळं डोक्यावर टोपी असायचीच. आमचे आण्णा, म्हणजे वडील, सैन्यातून सुभेदार होऊन परत आले. त्यांचं टक्कल माझ्या जन्माआधीचं. चुलत्यांचंही तेच. आण्णांना त्याचं कधी काही वाटलं नाही. "टोपीखाली कोन बगतंय?" म्हणायचे. माझं पंचविशीतच सुरू झालं आणि मला मात्र ते मनाला लागलं.

कांद्याचा रस लावला, माक्याचं तेल लावलं, गोळ्या खाल्ल्या. मित्र म्हणायचे, "टकल्याकडं पैसा येतो गड्या." पैसाही आला नाही आणि केसही राहिले नाहीत. एसटीत माझ्याच वयाचा एक बाप्या "काका, जरा सरका" म्हणाला तेव्हा मी मुकाट्यानं सरकलो. पोरी बघायला जायचो तिथून निरोप यायचा, मुलगा वयस्कर दिसतो. असे निरोप येत गेले आणि मला वाईट वाटायचं बंद झालं. बरंही काही वाटेना. कारखान्यात पगारवाढ झाली तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, मीही वाटले. पेढ्याची चवसुद्धा आठवत नाही.

मग सोनालीनं होकार दिला. ती औंधजवळच्या गावची, साताऱ्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. साखरपुडा झाला, लग्न वैशाखात धरलं. घर आनंदात होतं. मी त्यांच्यात बसायचो आणि एकच गोष्ट डोक्यात असायची, की लग्नाच्या फोटोत मी तिचा काका दिसणार.

सांगलीतला डॉक्टर

सांगलीत कातडीच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं डोक्यावर एक बॅटरीसारखं यंत्र फिरवलं, पडद्यावर माझं डोकं मोठं करून दाखवलं. पडीक रानासारखं दिसत होतं. "हे वंशाचं आहे," तो म्हणाला, "गेलेले औषधानं येणार नाहीत. मागचे केस काढून पुढं लावता येतील." मग तो बराच वेळ बोलत राहिला. काय होतं, कसं होतं, पुढं काय काय होईल. मी मान हलवत होतो. ऐकत नव्हतो.

ऐकत नव्हतो म्हणून एक मोठी गोष्ट निसटली. लावलेले केस महिन्याभरात एकदा गळून जातात आणि मुळं आत राहून काही महिन्यांनी पुन्हा उगवतात, हे त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे वैशाखात मी होतो त्याहून बोडका दिसणार होतो. लग्नासाठी म्हणून केलं आणि लग्नातच काही नसणार होतं. तुम्ही जाणार असाल तर बरोबर एक ऐकणारा माणूस न्या. आपण स्वतः त्या खुर्चीत बसलेलो असलो की कान काम करत नाहीत.

ठरवताना मला भीती वाटली का? नाही वाटली. आनंदही झाला नाही. ऊसतोडीची तारीख घ्यावी तशी तारीख घेतली आणि बाहेर येऊन भडंग खाल्लं.

सोनालीला सांगितलं

घरी सांगितलं असतं तर आण्णांनी उभं जाळलं असतं. म्हणून कारखान्याचं ट्रेनिंग आहे असं सांगायचं ठरवलं. सोनालीला मात्र सांगावं असं वाटलं. का वाटलं कुणास ठाऊक.

साताऱ्याला गेलो. पोवई नाक्याजवळ एका हॉटेलात ती दुपारच्या सुट्टीत आली. मिसळ मागवली. मी म्हटलं, "मी केस लावून घेणाराय. पुढच्या आठवड्यात. सांगलीत."

तिनं पाव मोडला. "भूल देतात?"

"डोक्यापुरती."

"घरी माहितीये?"

"नाही. आणि तूही तुझ्या घरी सांगायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

तिचा हात थांबला. आमच्याकडं गळ्याची शपथ म्हणजे चेष्टा नाही. मोडली तर ज्याचा गळा त्याचा जीव जातो, असं मानतात. शिकलेली माणसंही मानतात, फक्त मोठ्यानं म्हणत नाहीत. ती "कळलं," एवढंच म्हणाली. मिसळ अर्धी टाकून उठली आणि दुकानात गेली.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. आले तरी, जेवलात का, बरं ठेवते, एवढंच. मी समजलो की हे लग्न आता काही होत नाही. बहुतेक तिच्या घरून कुणी तरी येईल, साडी-अंगठी परत देईल. हे चित्र मी दोन-तीनदा मनात बघितलं. रडू यायला हवं होतं. मी कारखान्याच्या गट ऑफिसात बसून उसाच्या नोंदी करत राहिलो.

न्हाव्याची चूक, माझी मान

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगलीत गेलो. दवाखान्यातून सांगितलं होतं की डोक्यावर झिरो मशिन मारून या. जवळच्याच एका न्हाव्याकडं बसलो. म्हटलं, सगळं काढा.

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा तेव्हा कसा होता ते मला माहीत आहे, कारण मीही आरशात बघत होतो. तो हळू आवाजात म्हणाला, "वडील का?"

मी मान हलवली. त्या दिवसांत कुणी काहीही विचारलं की मी मान हलवायचो. पुढं त्यानं डोकं झाल्यावर वस्तरा घेतला आणि माझी मिशीही काढली. मिशी गेलेली बघून माझ्या लक्षात आलं की हा माणूस मला सुतकातला समजतोय. बाप जिवंत असलेली पोरं आमच्याकडं डोकं आणि मिशी एकदम काढत नाहीत. सांगायला तोंड उघडलं, पण आता सांगून मिशी परत थोडीच येणार होती! त्यानं पैसे घेतले नाहीत. हात जोडले. मीही जोडले.

बाहेर येऊन टपरीवर चहा घेत उभा राहिलो. नेमके त्याच रस्त्यानं सोनालीचे मामा, तानाजीमामा, हळदीच्या सौद्याहून परत चालले होते. त्यांनी मला बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं म्हणे, आणि ओळख दिली नाही. मला ते दिसलेलेच नव्हते. दवाखान्याची गल्ली, बोडकं डोकं, मिशी नाही, सोयरा समोर असून शुद्ध नाही. त्यात महिन्यापूर्वी आण्णांना छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, हे त्यांना माहीत. मामांनी हिशेब घातला आणि आण्णांना मारून मोकळे झाले.

टेबलावर

पोरं विचारतात ते इथं. भुलीच्या सुया दुखतात. चांगल्याच दुखतात, डोळ्यांतून पाणी येतं. मग डोकं आपलं राहत नाही. कुणी वीट ठेवली तरी कळणार नाही. आधी पालथं झोपवतात आणि मागचे केस एकेक करून उपटतात. त्याचा बारीक करकर आवाज आतून ऐकू येतो. मध्ये उठवून जेवायला पुलाव दिला. दोन मुली बशीत केस ओळीनं लावत होत्या आणि एकीच्या नणंदेविषयी बोलत होत्या. ती नणंद फार आगाऊ होती. ऐकता ऐकता माझा दिवस बरा गेला.

संध्याकाळी मागं पट्टी, वर सैल टोपी. सांगलीत माझा मित्र सुहास राहतो, त्याच्या खोलीवर उशांना टेकून बसल्या बसल्या झोपलो, कारण आडवं व्हायचं नसतं. दिवसभर फोन बंद होता. सुहास म्हणाला, "चालू कर की, कुणी शोधत असंल." मी म्हटलं, कोण शोधतंय? आणि बंदच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डोकं तपासून घेतलं आणि घरी निघालो.

कडू घास

अंगणात पाऊल टाकलं आणि आई किंचाळली. टोपी काढायच्या आधीच तिला मिशी गेलेली दिसली. "बाप जिता आसताना मिशी काडलास? कुटं तोंड काळं करून आलास?" आण्णा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत शेंगा फोडायला लागले. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

मी काही सांगणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि बायकांनी हेल काढला. मयताच्या घरी येताना बायका गल्लीच्या तोंडापासूनच रडत येतात, तसा. आण्णा उठून उभे राहिले. "कोन गेलं रं?" त्यांनी मलाच विचारलं.

सोनालीची आई सगळ्यांत पुढं, पदर तोंडाला लावून. तिच्यामागं तिची आत्या. मग सोनालीचे वडील, आबा, आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन तानाजीमामा. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे भाकरी-पिठलं बांधून आणतात. त्याला कडू घास म्हणतात. आणि अशा घरी फोन करून खात्री करत नाहीत. सरळ जातात आणि बसतात. त्या रीतीनं आमचा घात केला.

सोनालीच्या आईला आण्णा दिसले. तिचा हेल अर्ध्यात अडकला.

"पाव्हणं," तानाजीमामा म्हणाले, "तुमी हायसा?"

"हाय की," आण्णा म्हणाले. "मी कुटं जानार?"

आत्या खाली बसली आणि मगाचपेक्षा जास्त रडायला लागली, आता आनंदानं. मग मामांनी माझ्याकडं बोट केलं. "आन ह्यो? ह्यानं का काडलं?" सगळे माझ्याकडं वळले. टोपीच्या मागून पट्टीची कड बाहेर आली होती.

सोनाली जीपमधून सगळ्यांत शेवटी उतरली होती. डोळे सुजले होते. ती पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "नवस होता त्यांचा. यमाईला बोलले होते, लग्न ठरलं तर केस देईन म्हणून."

यमाई तिच्या माहेरची देवी. ही पोरगी साधं "देवाशपथ" म्हणायलासुद्धा कचरते, हे मला साखरपुड्यापासून माहीत होतं. आणि ती आईबापासमोर, देवीच्या नावानं, धडधडीत खोटं बोलत होती. मी घातलेली शपथ पाळायला. मला लाज वाटली. किती तरी महिन्यांनी मला काही तरी वाटत होतं.

"नवस न्हाई," मी म्हटलं. "ती खोटं बोलतीया, कारण मी तिला शपथ घातली हुती. केस लावून घेतल्यात मी." आणि टोपी काढली.

वर सगळे लाल ठिपके, रक्ताच्या बारीक खपल्या. आई "आगं आई गं" म्हणून मागं सरली. आबा मात्र जवळ आले. हात पाठीशी बांधून, दुसऱ्याच्या रानात पीक बघायला वाकावं तसे वाकून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"म्हंजे नांग्या भरल्या म्हना की," ते म्हणाले.

उसाच्या सरीत जिथं कांडी उगवत नाही तिथं मागाहून रोप लावतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. नोकरीत मी हा शब्द दिवसातून दहा वेळा लिहितो. मामांनी लगेच विचारलं, "पानी कवा द्यायचं?" मी म्हटलं, फवारा द्यायचा, दर तासाला. सोनालीची आई रडता रडता हसायला लागली.

आण्णा हसले नाहीत. "आमच्या वंशाचं टक्कल तुला लय जड झालं व्हय रं?" ते म्हणाले. मग ते मामांकडं वळले. "भाकरी आनलीया न्हवं? सोडा. भूक लागलीया."

आईनं आकांत केला. असली भाकरी उंबऱ्याच्या आत न्यायची नाही, आणि परत न्यायची तर मुळीच नाही. मग ओट्यावरच फडकं सोडलं. आण्णांनी पहिला घास घेतला. "सवताच्या मयताचं पिठलं कुनाला मिळतंय? मीठ कमी पडलंय जरा."

सोनाली काय म्हणाली

बाकीचे जेवायला बसले तेव्हा ती गोठ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मीही गेलो.

"फोन का बंद होता?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

"मामा काल घरी आले, म्हणाले डोकं काढलंय, तेव्हा मला माहीत होतं कशासाठी. मग म्हणाले मिशीपण काढलीय. मिशीचं तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मला खरंच वाटायला लागलं की मामंजी गेले. फोन लावला, बंद. रात्रभर बंद. मग वाटलं, मामंजी नसतील, तुम्हालाच टेबलावर काही झालं असेल आणि इथं कुणाला पत्ताही नसेल. आणि मी शपथेपायी तोंड शिवून जीपमध्ये बसलेली."

ती आता चिडली होती आणि रडतही होती. मला ते बघवेना. मी विचारलं, "तुला लग्न करायचं आहे का मग?"

"हे विचारताय होय आता? त्या दिवशी हॉटेलात विचारलंत काही? सांगितलंत फक्त. ऊसतोडीची तारीख कळवतात तशी कळवलीत. मला वाटलं, यांना मी फक्त गप्प बसायला पाहिजे."

"काय विचारायला हवं होतं?"

"बरोबर येतेस का, असं. मी आले असते. आत नसते आले, बाहेर बाकावर बसले असते. एवढं तरी माझं आहे ना?"

मी "चुकलं" म्हटलं. तेव्हा मला रडू आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. कपाळावर आधीच सूज यायला लागली होती, त्यात रडल्यानं डोळे पार मिटले. तिनं पदराच्या टोकानं गाल पुसले. डोक्याला हात लावायचा नाही हे तिला सांगावं लागलं नाही.

आता तुम्ही विचाराल, केस आले का? आले. दाट नाहीत, पण आले. वैशाखात मात्र मी पार बोडका होतो, आणि लग्नाच्या अल्बममध्ये तसाच दिसतो. लोक म्हणाले, नवरा मुलगा थोराड दिसतोय. ऐकू आलं, आणि वाईट वाटलं. ते वाईट वाटणं मला बरं वाटलं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण तसंच झालं.

खपल्या निघाल्यावर दवाखान्यात तपासणीला बोलावलं होतं. आदल्या दिवशी मी सोनालीला फोन केला आणि विचारलं, "बरोबर येतेस का?" सकाळच्या एसटीनं ती साताऱ्याहून सांगलीला आली. बाहेर बाकावर बसली, मांडीवर डबा घेऊन. मला हाक मारली तेव्हा मी आत गेलो. डॉक्टरनं डोकं बघितलं, ठीक आहे म्हणाला, आणि सहज विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

लग्नाला अजून अवकाश होता. मी म्हटलं, "बायको."